लाल चांदणी

फॉर्म बनवून पोट भरणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, फॉर्ममधली सगळ्यात महागडी गोष्ट कुठली? रंग नाही, फाँट नाही, बटणं तर नाहीच नाही. रकान्याच्या नावापुढची ती बारकी लाल चांदणी! चांदणी म्हणजे 'हे भरल्याशिवाय पुढं सरकायचं नाही'. कोडमध्ये तो जेमतेम एक शब्द असतो. टाकायला दोन सेकंद लागतात. काढायला मात्र तीन मीटिंगा, एक लांबलचक ई-मेल आणि क्लायंटकडच्या अशा एका साहेबाची परवानगी लागते, जो कधीच जागेवर सापडत नाही.

आणि गंमत म्हणजे ती चांदणी मुळात कोणी टाकली, कशासाठी टाकली, हे बहुतेक वेळा कोणालाच आठवत नसतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "आधीपासून आहे."

तर आजचा विषय अशाच एका चांदणीचा. फक्त ही आमच्या कंपनीच्या कुठल्या प्रॉजेक्टातली नाही, भारत सरकारच्या पासपोर्टच्या अर्जातली आहे. रकान्याचं नाव, 'वडिलांचे नाव'.

पासपोर्ट म्हटलं की आपल्यासारख्यांना काय आठवतं? ऑनसाइट, व्हिसा, एच-वन, एअरपोर्टवरचा फोटो. पासपोर्ट ही आपल्या दृष्टीने एक कटकट असते, एकदा उरकली की दहा वर्षं बघायला नको. त्या कटकटीच्या मागे धोरण नावाची काही चीज असते, कोणीतरी माणूस खुर्चीत बसून 'हा कागद चालेल, तो चालणार नाही' हे सव्वाशे-दीडशे कोटी लोकांसाठी ठरवत असतो, हे डोक्यातच येत नाही. माझ्याही आलं नसतं. पण झालं असं, की ती खुर्ची काही वर्षं आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाकडे होती, आणि त्याच काळात आमच्या शाहूपुरीतल्या घरात त्या रकान्याने बरंच काही घडवलं. ही दोन टोकं मला फार उशिरा जोडता आली.

आधी खुर्चीबद्दल. परराष्ट्र मंत्रालयात कॉन्सुलर, पासपोर्ट, व्हिसा असा एक मोठा विभाग आहे. दिल्लीत पतियाळा हाऊसमध्ये त्याचं बिऱ्हाड. जानेवारी 2016 मध्ये अनिवासी भारतीयांचं वेगळं मंत्रालय परराष्ट्र मंत्रालयात विलीन झालं आणि तेही काम याच सचिवाच्या गळ्यात आलं. 2016 ते 2019 या काळात हे पद सांभाळलं ज्ञानेश्वर मुळे यांनी. शिरोळ तालुक्यातल्या अब्दुललाटचे. कोल्हापुरात राजर्षी शाहू विद्यानिकेतनात शिकले, 1983 मध्ये परराष्ट्र सेवेत गेले. जपान, रशिया, मॉरिशस, सीरिया असं फिरून मालदीवला उच्चायुक्त, मग न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत. 'माती, पंख आणि आकाश' हे त्यांचं पुस्तक कोल्हापूरच्या स्पर्धा परीक्षावाल्या पोरांच्या उशाशी हमखास सापडतं. मीही कॉलेजात असताना वाचलं होतं. तेव्हा मला त्यातला 'आपल्याकडचा पोरगा किती लांब गेला' हा भाग आवडला होता. पण लांब गेलेल्या माणसाने परत येऊन काय केलं, हा भाग जास्त महत्त्वाचा असतो.

आता आमचं घर. ज्यांना कोल्हापूर माहीत नाही त्यांच्यासाठी: शाहूपुरी म्हणजे स्टेशन आणि एसटी स्टँडच्या पलीकडची, शाहू महाराजांनी वसवलेली व्यापारी पेठ. गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर. पहिली गल्ली, दुसरी गल्ली... एकेकाळी इथे गुळाचे सौदे व्हायचे. आमचे आजोबा एका अडत दुकानात दिवाणजी होते. कीर्द-खतावणी लिहायचे. त्यांचा एक नियम होता: वहीत कोरी जागा सोडायची नाही. मध्ये ओळ रिकामी राहिली तर तिरकी रेघ मारून टाकायची, म्हणजे नंतर तिथे कोणाला काही घुसडता येत नाही. आजचा डेटाबेसवाला यापेक्षा वेगळं काय सांगतो?

हे आजोबा जन्माला आले तेव्हा भारताचे नागरिक नव्हते. करवीर संस्थानची प्रजा होते. संस्थानी प्रजेला ब्रिटिशांच्या लेखी 'संरक्षित व्यक्ती' म्हणत, म्हणजे पूर्ण ब्रिटिश प्रजाजनसुद्धा नाही. 1 मार्च 1949 ला कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं, 26 नोव्हेंबर 1949 ला संविधानातली नागरिकत्वाची कलमं लागू झाली, आणि आजोबा दुकानात गुळाच्या रव्यांचं वजन मांडता मांडता नागरिक झाले. ना अर्ज, ना रांग, ना चांदणी. प्रजेचा नागरिक होणं ही केवढी मोठी उडी, आणि ती त्यांना कळलीसुद्धा नसेल!

आमच्या आत्याला मात्र प्रत्येक पायरीला अर्ज भरावा लागला.

आत्याचं लग्न लवकर झालं आणि लवकर संपलं. 'संपलं' म्हणजे घटस्फोट वगैरे काही नाही. नवरा एक दिवस निघून गेला तो आलाच नाही. मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. आत्या शाहूपुरीत परत आली, वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहिली आणि डबे करायला लागली. पेठेतले दुकानदार, एकट्याने राहणारी शिकाऊ पोरं, बँकेतले बदलीवाले यांचे डबे. सकाळी पन्नास, संध्याकाळी तीस. कोर्टात कधी गेली नाही. "मी कशाला जातो तिथं? गेला त्यो गेला," एवढं एकच वाक्य. (आमच्या कोल्हापुरी बायका 'मी जातो, मी आलो' असंच बोलतात. पुण्यातल्या मित्रांना याची फार मजा वाटते. आम्हाला त्यांना मजा वाटते याची मजा वाटते.)

मुलीला शाळेत घालताना मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, मधलं नाव काय लिहू? आत्याने स्वतःचं सांगितलं. बाई क्षणभर थांबल्या आणि लिहिलं. एका शाळेच्या एका बाईंनी आपल्या अधिकारात एक चांदणी पुसली म्हणायची. पण महापालिकेच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव होतं, ते तसंच राहिलं. म्हणजे एकाच पोरीच्या दोन सरकारी कागदांवर दोन वेगळी नावं.

सॉफ्टवेअरवाल्यांना पुढचं सांगायला नकोच. दोन सिस्टिममधला डेटा जुळत नसेल तर तो आज नाही तर उद्या कुठेतरी धडकणारच.

धडकला 2014 मध्ये. आतेबहीण सोळा वर्षांची होती. शाळा-कॉलेजातल्या मुलांना परदेशी पंधरा दिवस नेणारी एक योजना होती, तिच्यात निवड झाली. खर्च ते करणार होते, आपण फक्त पासपोर्ट आणायचा. आणि पासपोर्टला अडलं. एक, तिचा जन्म 26 जानेवारी 1989 नंतरचा, म्हणून तेव्हाच्या नियमाप्रमाणे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच हवा. त्यावर बापाचं नाव, शाळेच्या कागदांवर आईचं. दोन, अज्ञान मुलगी, तेव्हा दोन्ही पालकांच्या सह्या. एकाच पालकाने प्रतिज्ञापत्र द्यायची सोय नियमात होती. पण ज्या कचेरीत आम्ही गेलो (कुठली ते सांगत नाही, त्याने काही साधणार नाही), तिथे सांगितलं गेलं, "घटस्फोटाचा कागद आणा, नाहीतर ताबा कोणाकडे त्याचा कोर्टाचा आदेश आणा, नाहीतर वडिलांना घेऊन या."

आत्या म्हणाली, "आनला असता की. कुठं हाय तेवढं सांगा."

टेबलापलीकडचा माणूस वाईट नव्हता. त्याच्यापुढच्या स्क्रीनवर चांदणी होती, एवढंच. मुदत संपली, दुसरी मुलगी गेली. बहीण दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी डब्यांना कडीवाले घासत बसली. आत्याने मात्र त्या रात्री आईला विचारलं, "चौदा वरीस मी एकटी हाय. मग सरकारच्या हिशेबी मी अर्धीच का?"

हा प्रश्न मला अजून छळतो. कारण तो अचूक आहे. चांदणी म्हणजे नुसता रकाना नसतो. 'पूर्ण माणूस कोणाला म्हणायचं' याची ती व्याख्या असते.

आता थोडा इतिहास, म्हणजे चांदणी पुसणं किती अवघड असतं ते कळेल.

1967 पर्यंत पासपोर्ट देणं ही निव्वळ सरकारची मर्जी होती. त्यासाठी धड कायदाच नव्हता. एप्रिल 1967 मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मताने सांगितलं की परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, कायद्याशिवाय अडवता येणार नाही. मग घाईघाईने 24 जून 1967 ला पासपोर्ट कायदा आला. पुढे 1977 मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट सरकारने जमा करायला सांगितला आणि कारण द्यायला नकार दिला. त्या कोर्टात गेल्या. जानेवारी 1978 चा तो निकाल आज कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो: सरकारची पद्धत नुसती कायद्यात लिहिलेली असून भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवीसुद्धा हवी.

आता योगायोग बघा. मे 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात एका एकल आईचा खटला निकाली निघाला. मुलीच्या पासपोर्टवर बापाचं नाव घालायला तिचा नकार होता. यंत्रणेचं म्हणणं, सिस्टिम घेत नाही. न्यायालयाने काय सांगावं? तुमचं सॉफ्टवेअर बदला आणि हिचा अर्ज स्वीकारा! बापाचं नाव ही कायद्याची गरज नाही, कार्यपद्धतीची आहे. उच्च न्यायालयाने दिलेली चेंज रिक्वेस्ट मी पहिल्यांदाच पाहिली :-)

मग परराष्ट्र मंत्रालय आणि महिला व बालविकास मंत्रालय यांच्या अधिकाऱ्यांची तीन जणांची समिती एकल पालक आणि दत्तक मुलांच्या अडचणींवर बसली. आणि तेव्हा महिला व बालविकास मंत्री कोण होत्या? मनेका गांधी. चाळीस वर्षांपूर्वी जिचा पासपोर्ट अडवला, तिचंच मंत्रालय आता दुसऱ्यांचे पासपोर्ट सोडवायला बसलं होतं.

23 डिसेंबर 2016 ला नवे नियम जाहीर झाले. सुषमा स्वराज मंत्री, मुळे सचिव. यादी वाचताना एखादा अनुभवी माणूस वर्षानुवर्षं साचलेला कोड साफ करतोय असं वाटतं:

अर्जात आई, वडील किंवा पालक यांपैकी एकाचंच नाव पुरे. 1989 ची जन्मदाखल्याची अट रद्द. शाळा सोडल्याचा दाखला, पॅन, आधार, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार ओळखपत्र, विमा पॉलिसी यातलं काहीही चालेल. जोडपत्रं 15 होती, ती 9 केली. आणि ती नोटरी नाहीतर मॅजिस्ट्रेटकडे जाऊन नाही, साध्या कागदावर स्वतः सही करून द्यायची. लग्नाचा दाखला नको. घटस्फोटितांनी पूर्वीच्या जोडीदाराचं नाव द्यायला नको. अनाथालयातल्या मुलांना संस्थाप्रमुखाचं पत्र पुरे. साधू-संन्याशांना आईबापांच्या जागी गुरूंचं नाव लिहिता येईल.

हे सगळं एका माणसाने केलं असं मी म्हणणार नाही. कोर्ट होतं, समिती होती, मंत्री होत्या, अर्ज करकरून थकलेल्या कितीतरी आया होत्या. पण मोठ्या यंत्रणेत काम केलेल्यांना माहीत असतं की निकाल लागणं वेगळं आणि तो स्क्रीनवर उतरणं वेगळं. निकाल एका अर्जापुरता पाळून बाकीच्यांना पुन्हा कोर्टात पाठवता आलं असतं. ते सोडून पूर्ण नियमावलीच उलगडून बसायचं, 'साध्या कागदावर लिहून दे, मी विश्वास ठेवतो' असं नागरिकाला म्हणायचं, याला वरच्या खुर्चीत तसा माणूस लागतो. नोटरीचा शिक्का कुठे मिळतो, त्यासाठी किती वेळ उन्हात थांबावं लागतं, हे अब्दुललाटच्या माणसाला कोणी समजावून सांगायला लागलं नसणार.

दुसरं काम अंतराचं. आमच्याकडून पासपोर्टसाठी पुण्याला जावं लागायचं. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. नोकरीवाल्यांना ठीक आहे, एक रजा टाकली. ऐंशी डबे करणारी बाई कशी जाणार? टीसीएसने सरकारबरोबर उभारलेली पासपोर्ट सेवा केंद्रं 2012 पर्यंत 77 झाली होती. व्यवस्था चकाचक, टोकन, एसी, सगळं. पण सत्त्याहत्तर! एवढ्या मोठ्या देशाला. नवीन इमारती बांधत बसलं तर आणखी वीस वर्षं लागली असती. जानेवारी 2017 मध्ये सोपी युक्ती निघाली: पोस्ट ऑफिस आहेच की सगळीकडे. म्हैसूर आणि दाहोदला पहिली दोन केंद्रं सुरू झाली आणि लवकरच ठरलं, कोणालाही पन्नास किलोमीटरपेक्षा लांब जायला लागू नये. आज पोस्टातली केंद्रं चारशेच्या वर आहेत. कोल्हापूरला ते 2017 मध्येच मिळालं. ज्या पोस्टात आजोबा मनीऑर्डर करायचे त्याच खात्याच्या काउंटरवर आता बोटांचे ठसे घ्यायला लागले. नवीन सर्व्हर न घेता जुन्याच मशीनवर नवीन सेवा चढवणं म्हणतात ते हेच.

आतेबहीण तेव्हा एकोणीस वर्षांची, इंजिनिअरिंगला. अर्ज तिने स्वतःच भरला. शाळा सोडल्याचा दाखला जोडला. आईचं नाव लिहिलं, वडिलांचा रकाना सोडून दिला आणि 'पुढे' दाबलं. गेलं पुढे! तिने मला पुण्याला फोन केला, "दादा, लाल आलंच नाही रे."

पोलीस चौकशीला हवालदार घरी आले. खालच्या दुकानदाराला विचारलं, चहा घेतला, कागद बघितले. "मुलीचे वडील?" आत्या म्हणाली, "मीच." त्यांनी वर बघितलं, मान हलवली आणि सही केली. दोन मिनिटांत संपलं. या दोन मिनिटांसाठी पंधरा वर्षं गेली होती.

पासपोर्ट आला. शेवटच्या पानावर आईच्या नावापुढे आत्याचं नाव, बापाच्या नावापुढे कोरी जागा. आत्याने तो हातात घेऊन बराच वेळ बघितला. मला आजोबांची तिरकी रेघ आठवली. पण ही कोरी जागा काहीतरी लिहायचं राहून गेल्याची नव्हती. ती मुद्दाम तशी सोडलेली होती, आणि सरकारने ती तशी राहू दिली होती.

कौतुक इथे थांबवलं तर ते अर्धवट होईल. कारण याच विभागाने पुढच्याच वर्षी एक मोठा घोटाळा करता करता वाचवला.

जानेवारी 2018 मध्ये जाहीर झालं की पासपोर्टचं शेवटचं पानच छापायचं नाही. आईबाप, जोडीदार, पत्ता, काहीच नको. हेतू चांगलाच होता, त्याच समितीच्या शिफारशीतून आलेला: नावंच नसतील तर नावावरून भांडण नाही. पण त्या पानावर आणखी एक गोष्ट असते, कमी शिकलेल्या कामगारांसाठीचा शिक्का. दहावी न झालेल्या माणसाला आखाती देश वगैरे तेव्हाच्या 18 देशांत कामाला जायचं तर 1983 च्या कायद्याप्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते. पान गेलं तर शिक्का कुठे मारणार? उत्तर निघालं: या लोकांच्या पासपोर्टला नारिंगी रंगाचं कव्हर!

डेटा मॉडेलच्या दृष्टीने उत्तर बरोबर आहे. आमच्या टीममध्ये कोणी सुचवलं असतं तर मीही 'चालेल' म्हटलं असतं. फक्त विचार करा, रत्नागिरीचा एखादा वेल्डर दुबईच्या विमानतळावर रांगेत उभा आहे आणि त्याचं आठवीपर्यंतचं शिक्षण लांबूनच, त्याच्या खिशातून डोकावतंय. देशभर आरडाओरडा झाला आणि 30 जानेवारीला, तीनच आठवड्यांच्या आत, दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. चूक करणारे पुष्कळ असतात. तीन आठवड्यांत रोलबॅक करणारं सरकारी खातं दुर्मिळ.

आणि या भानगडीत एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात आली नाही. शेवटचं पान गेलं असतं तर बापाच्या नावाबरोबर आत्याचं नावही गेलं असतं. एकल आयांच्या सोयीसाठी, एकल आईचंच नाव! म्हणून म्हणतो, रकाना ऐच्छिक करणं आणि रकाना काढून टाकणं या फार वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात माणसाला निवड मिळते. दुसऱ्यात आपण आपली डोकेदुखी कमी करतो आणि त्याला 'समानता' असं नाव देतो.

हे धोरण तिथेच गोठलं असंही नाही. डिसेंबर 2018 पासून पॅन कार्डच्या अर्जातही एकल आईच्या मुलांना बापाचं नाव ऐच्छिक झालं. उलट दिशेनेही गेलं: 2025 मध्ये नियम आला की 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी पुन्हा जन्मदाखलाच हवा. तर्क असा की आता जवळजवळ प्रत्येक जन्माची नोंद होते. असेलही. पण त्या दाखल्यावर पहिल्या दिवशी जे नाव पडलं त्याच्याशी पुढे एखाद्या आईला भांडायला लागणारच नाही, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

आता शेवटचा आणि सध्या आमच्या घरात खरोखर चालू असलेला भाग.

आतेबहीण जर्मनीत आहे. एमएस केलं, तिथेच नोकरी लागली. आता तिला पाच वर्षं होत आलीत. जर्मनीने जून 2024 पासून कायदा बदलला: पाच वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो आणि जुनं नागरिकत्व सोडायचीही सक्ती नाही. म्हणजे जर्मनीने आपली चांदणी काढली. पण आपली आहे! आपल्या संविधानाचं नववं कलम आणि 1955 चा नागरिकत्व कायदा सांगतो, स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपलं. तिथे चर्चा नाही, प्रतिज्ञापत्र नाही. मग ओसीआय कार्ड घ्या, आयुष्यभर येजा करा, पण मत देता येणार नाही, शेतजमीन विकत घेता येणार नाही. आणि पासपोर्ट दूतावासात जमा करायचा. ते त्यावर 'रद्द' मारतात.

फायदे-तोटे तिने एक्सेलमध्ये मांडलेत. खानदानी सवय. नोकरीची सुरक्षितता, युरोपात कुठेही राहता येणं, व्हिसाच्या रांगांमधून सुटका, सगळं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला दोनच ओळी. एक, मत. दुसऱ्या ओळीत तिने फक्त लिहिलंय: 'आईचं पान'.

मी तिला म्हटलं, अगं, हा भावनिक मुद्दा झाला. नागरिकत्व गेलं म्हणून आई थोडीच जाते? ती म्हणाली, "दादा, तुझ्या सगळ्या कागदांवर बाबांचं नाव फुकट आलंय. तुला काय कळणार त्याची किंमत." खरं आहे. माझ्या एकाही फॉर्मवर मला कधी लाल आलं नाही.

मला वाटतं, पासपोर्ट आणि नागरिकत्व यातला फरक इथे कळतो. कायद्याच्या पुस्तकात दोन्ही वेगळे आहेत. पासपोर्ट परराष्ट्र मंत्रालयाकडे, नागरिकत्व गृह मंत्रालयाकडे. 1967 च्या कायद्याचं विसावं कलम तर सांगतं की सार्वजनिक हितासाठी सरकार भारताचा नागरिक नसलेल्यालाही पासपोर्ट देऊ शकतं. पण सामान्य माणसाच्या हातात नागरिकत्व नावाची वस्तू कधी येत नाही. हातात येते ती पुस्तिका. देशाने आपल्याला कसं ओळखलं, अर्धं की पूर्ण, हे तिच्यातच छापलेलं असतं. त्या खुर्चीतला माणूस म्हणून नुसता प्रवासाची कागदपत्रं देत नसतो. तो कित्येक लोकांना, देशाशी त्यांचं नातं कुठल्या शब्दांत लिहिलं जाईल, ते ठरवून देत असतो.

परवा गणपतीला घरी गेलो होतो. कुंभार गल्लीत मूर्तींची गर्दी, आत्याच्या स्वयंपाकघरात मोदकांची. डबे आता तिने कमी केलेत, सकाळचे वीसच करते. मी विचारलं, "तुला काय वाटतं? घेऊ दे का तिला जर्मन पासपोर्ट?"

कळ्या पाडता पाडता म्हणाली, "घेऊ दे की. मी काय तिच्या पासपोर्टातच ऱ्हातो व्हय?"

मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता: "तिकडच्या फार्मात आईचं नाव इचारत्यात का रं?"